रोपांना खत: मिश्रणात गांडूळखत की वरून व्हर्मीवॉश?
टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं ट्रेमधून कुंडीत हलवताना मिश्रणातच चाळलेलं गांडूळखत घालणं सोपं: धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, खत एक भाग. पोषण हळूहळू मिळत राहतं. खत अर्ध्याहून जास्त झालं, तर मात्र मिश्रण सतत ओलं राहतं, क्षार वाढतात, पानांच्या कडा करपतात. कच्चं शेणखत तर नकोच. कोवळी मुळं जळतात.

व्हर्मीवॉश, म्हणजे गांडूळखताच्या थरातून झिरपलेलं पाणी, दहापट पाण्यात मिसळून, आठवड्यातून एकदा, तेही खरी पानं (बीजातल्या पहिल्या दोन पानांनंतरची) आल्यावरच. फिकटपणा लवकर सुधारतो, पण नुसत्या कोकोपीटमध्ये एवढ्यावर रोप धड पोसत नाही. म्हणून आमची पसंती मिश्रणाला. खालची पानं पिवळी पडली तरच व्हर्मीवॉश. कायमच्या जागी लागवडीच्या आठवडाभर आधी तेही बंद करावं, पाणीही कमी, नाहीतर लुसलुशीत वाढलेलं रोप उन्हात मान टाकतं.