एस्ट्रिऑल क्रीम: सारख्या होणाऱ्या लघवीच्या इन्फेक्शनवर, काही महिने वापरल्यानंतर

पाळी गेल्यावर लघवीचं इन्फेक्शन ज्यांच्या हात धुऊन मागे लागलंय, त्यांच्यासाठी योनीमार्गात लावायच्या एस्ट्रिऑल क्रीमबद्दल हे लिहितेय. एस्ट्रिऑल म्हणजे इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचाच एक प्रकार. तरुण मुलींमध्ये कारणं बरीच वेगळी असतात, त्यांनी हे वाचून क्रीम मागायला जाऊ नये.

निकाल आधीच सांगून टाकते. उपयोग झाला, आणि चांगला झाला. पण सुरुवातीचे काही आठवडे हे औषध काहीच करत नाहीये असंच वाटतं. बऱ्याच जणी तिथेच सोडून देत असणार, अशी मला शंका आहे.

सहा महिन्यांत २ किंवा वर्षात ३ वेळा झालं की डॉक्टर त्याला ‘वारंवार’ म्हणतात. मी ती रेषा केव्हाच ओलांडली होती. दर वेळी तेच. उन्हाळी लागल्यासारखी जळजळ, सारखी बाथरूमकडे धाव, चार थेंब, मग अँटिबायोटिकचा कोर्स, बरं वाटणं, आणि पुन्हा पहिल्यापासून. शेतात शिरलेली गुरं दर वेळी हाकलायची आणि कुंपणाकडे कुणी बघायचंच नाही, असा तो प्रकार. शेवटी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, “अहो, आतली त्वचा किती पातळ आणि कोरडी झालीये बघा. सगळं इथूनच सुरू होतंय.”

त्यांनी समजावलं ते थोडक्यात असं. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेनमुळे योनीमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन (साठवणीची साखर) साठतं. त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू पोसले जातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करून तिथला पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या आसपास ठेवतात. इस्ट्रोजेन आटलं की हे जंतू जातात, पीएच वाढतो आणि आतड्यातला ई. कोलाय हा जंतू तिथे निवांत तळ ठोकतो. बहुतेक इन्फेक्शनांच्या मुळाशी हाच असतो. मूत्रमार्गाचं तोंड अगदी शेजारी, आणि बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा. मूत्राशय गाठायला त्याला फार चालावं लागत नाही.

हे आटलेलं इस्ट्रोजेन जागच्या जागी भरून काढायला त्यांनी हे क्रीम दिलं. वापरायची रीत: पहिले दोनेक आठवडे रोज रात्री झोपताना, नंतर आठवड्यातून दोनदा. सोबत अ‍ॅप्लिकेटर येतो, खुणेपर्यंत क्रीम भरायचं आणि आत सोडायचं. कोरडेपणा जास्त असेल तर सुरुवातीला तो टोचतो. डॉक्टरांना विचारून मी काही दिवस स्वच्छ बोटानेच लावलं, मूत्रमार्गाच्या तोंडाभोवतीही थोडं. पहिल्या आठवड्यात जराशी आग आणि खाज झाली, मग आपोआप थांबली. सकाळी थोडं बाहेर येतं, त्यामुळे पॅड किंवा लायनर लागतोच. अ‍ॅप्लिकेटर कोमट पाण्याने आणि साबणाने धुवायचा, उकळत्या पाण्यात टाकायचा नाही. आठवड्यातून दोनदा हे ऐकायला सोपं वाटतं, पण रोजची गोळी लक्षात राहते आणि हे राहत नाही. वार ठरवून टाकले तेव्हा कुठे घडी बसली.

आधी कोरडेपणा गेला. बसताना, चालताना जी चुरचुर व्हायची ती थांबल्याचं बऱ्याच उशिरा लक्षात आलं. इन्फेक्शन लांबायला त्याहून वेळ लागला. परिणाम जोखायला १२ आठवडे तरी द्या असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून टिकले.

या क्रीममागचा अभ्यास नवा नाही. राझ आणि स्टॅम या संशोधकांनी १९९३ साली पाळी गेलेल्या ९३ बायकांवर केलेली चाचणी प्रसिद्ध आहे. योनीमार्गात एस्ट्रिऑल क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं, नुसतं औषधाविना क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी मात्र हा फायदा दिसत नाही, त्यामुळे ‘मी हार्मोनच्या गोळ्या घेतेच आहे’ असं म्हणून हे टाळता येत नाही.

आता खोक्यातल्या त्या कागदाबद्दल. तो वाचून मी क्रीम तसंच कपाटात ठेवलं होतं. गर्भाशयाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, काय काय! डॉक्टर म्हणाल्या की हे इशारे मुख्यतः पोटात घ्यायच्या हार्मोनच्या अभ्यासांवरून आलेत. कमी मात्रेच्या क्रीममधून रक्तात फार थोडं जातं. तरीही ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर, क्रीम लावत असा वा नसा, लगेच दाखवायचं.

बाकीचे उपाय? डी-मॅनोज (एक प्रकारची साखर) पावडर मीही घेत होते. मग वाचलं की ब्रिटनमध्ये ५९८ बायकांना सहा महिने देऊन पाहिलं, तर औषध नसलेल्या साध्या पावडरीपेक्षा वेगळं काही घडलं नाही. २०२४ मध्ये तो अभ्यास आला आणि माझा डबा बंद झाला. क्रॅनबेरीची बाजू त्यापेक्षा बरी आहे. काही जणींना तिने फरक पडतो, पण गोड सरबतांच्या नादी लागू नये. पाणी वाढवण्याचा सल्ला खरा आहे, मात्र ज्या मुळात दीड लिटरहून कमी पितात त्यांच्यासाठी. मी आधीच भरपूर पीत होते, मला त्याने काही मिळालं नाही. क्रीमने भागलं नाही तर मेथेनामिन हा अँटिबायोटिक नसलेला पर्याय असतो, हे डॉक्टरांना विचारण्याजोगं आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही.

क्रीम चालू असताना एकदा इन्फेक्शन झालंच. या वेळी गोळी सुरू करण्याआधी मधल्या धारेची लघवी कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) दिली आणि कोणतं औषध लागू पडतं ते बघूनच घेतलं. छोटा कोर्स, काम झालं. जळजळ वगैरे काहीच नसताना उगाच रिपोर्ट काढून त्यात जंतू दिसले म्हणून गोळ्या घेऊ नयेत, हेही तेव्हाच कळलं. गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया असेल तर गोष्ट निराळी. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या बाजूला दुखू लागलं, तर मात्र क्रीम, पाणी, कल्चरचा रिपोर्ट, कशाचीच वाट बघायची नाही. ते मूत्रपिंडापर्यंत गेलेलं असू शकतं.

तक्रारी दोन. एक म्हणजे ओशटपणा, त्याची सवय होते पण आवडत कधीच नाही. दुसरी अशी की हे थांबवलं की अस्तर हळूहळू पूर्वपदावर जातं, म्हणजे कोर्स संपला असं काही नसतं, चालूच ठेवायचं. योनीमार्गात ठेवायची छोटी गोळी मिळते आणि तीन महिन्यांनी बदलायची रिंगही असते, असं डॉक्टर मागे म्हणाल्या होत्या. पुढच्या तपासणीला गोळीचं विचारणार आहे.