अनुदान पंपाला द्यावे की प्रशिक्षणाला?
गहू-ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा ऊर्जाखर्च घटवण्यासाठी सरकारी निधी यंत्रावर खर्चावा की प्रशिक्षणावर, हा महाराष्ट्रातला महत्त्वाचा प्रश्न आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला 5 टक्केच रक्कम भरावी लागते. दिवसा पाणी देता येते आणि रात्री अंधारात पाणी धरण्याचा धोका टळतो, हा लाभ मोठा आहे. परंतु पंप सौर झाला म्हणून उधळपट्टी थांबत नाही. उपसा फुकट झाल्याने विहिरीवरचा ताण वाढूही शकतो.

शेतीशाळेत, म्हणजे शेतावरच भरणाऱ्या हंगामभराच्या प्रशिक्षणात, मात्र शेतकरी पेरणीपासून काढणीपर्यंत शिवारातच शिकतो: गव्हाला मुकुटमुळे (खोडाच्या तळाशी येणारी मुळे) फुटताना, म्हणजे पेरणीनंतर सुमारे 21 दिवसांनी, पाणी चुकवू नये, पण पाण्याची अनावश्यक पाळी टाळावी, विहिरीच्या खोलीला साजेशा अश्वशक्तीचाच पंप घ्यावा, गळका फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपच्या तळाची झडप) बदलावा, मशागतीच्या फेऱ्या कमी करून डिझेल वाचवावे. यातील बहुतेक बदलांना नवे यंत्र लागत नाही. अर्थात, चांगला प्रशिक्षक हंगामभर टिकला नाही, तर हे सारे कागदावरच राहते.

तरीही निधी मर्यादित असेल, तर मी आधी प्रशिक्षणाला पैसा देईन. कोरडवाहू ज्वारी पिकवणाऱ्याला पंपाचा फारसा उपयोग नसतो, त्याची बचत मशागतीतच आहे.