लाइव्ह दिसत होतं, रेकॉर्ड होत नव्हतं

महिन्याच्या बिलात राहणं-जेवण, आया, डायपर, औषधं यांच्या खाली शेवटची एक ओळ असायची: ‘सीसीटीव्ही सुविधा, १,२०० रुपये’. घोडबंदर रोडवरच्या एका वृद्धांच्या देखभाल केंद्राला ऐरोलीच्या एका कुटुंबाने हे पैसे अकरा महिने भरले. एकूण १३,२०० रुपये. त्या बदल्यात मुलाच्या फोनवर ॲप टाकून दिलं होतं आणि ॲपमध्ये अंथरुणाला खिळलेले वडील दिसायचे. सकाळी लोकलमध्ये एकदा बघायचं, रात्री झोपताना एकदा. बाबा झोपलेत, पंखा चालू आहे, चादर नीट आहे. जिवाला बरं वाटायचं.

बाराव्या महिन्यात सुनेला त्यांच्या माकडहाडाजवळ जखम दिसली, चांगली खोल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते; ती बदलली जात होती का, एवढंच कुटुंबाला बघायचं होतं. मागच्या पंधरा रात्रींचं रेकॉर्डिंग मागितलं. आधी उत्तर आलं, ‘सर गावी गेलेत.’ मग, ‘पासवर्ड इंजिनिअरकडे असतो.’ आणि शेवटी, ‘डीव्हीआर खराब झालाय.’

डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा, ठणठणीत होता. आत १ टीबीची हार्ड डिस्क होती, तिच्यात सहा दिवसांचं रेकॉर्डिंग होतं, आणि ते सहाही दिवस वडील तिथे दाखल होण्याच्या आधीचे होते.

कॅमेरे बसवण्याच्या धंद्यात असलेल्यांना हे ऐकून नवल वाटत नाही. फोनवर दिसणारं लाइव्ह चित्र आणि डिस्कवर साठणारं रेकॉर्डिंग हे दोन वेगळे मामले आहेत. डीव्हीआरमधली डिस्क काढून खिशात घातली तरी लाइव्ह चित्र जसंच्या तसं दिसत राहतं. डिस्क नसली, भरली किंवा बिघडली तर डीव्हीआर बीप-बीप करून सांगतो, पण तो आवाज त्रासदायक असतो, म्हणून बसवणारा ‘एक्सेप्शन’ नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करून ठेवतो. त्यानंतर डबा मुका. इथे तेच झालं होतं. वर ‘ओव्हरराइट’ बंद होतं. ते चालू असलं की डिस्क भरल्यावर सगळ्यात जुनं पुसून नवीन लिहिलं जातं. बंद असलं की डिस्क भरली की काम संपलं. बसवल्यापासून सहाव्या दिवशी ती भरली आणि पुढचं वर्षभर केंद्राकडे आठ कॅमेऱ्यांचे फक्त आठ डोळे होते, आठवण एकाचीही नाही.

सहाच दिवस का, याचा हिशेब कुणालाही मांडता येतो. १ एमबीपीएस वेगाने (या वेगालाच बिटरेट म्हणतात) २४ तास रेकॉर्ड केलं तर १०.८ जीबी जागा लागते. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला एच.२६५ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीने साधारण २ एमबीपीएस धरा, जुन्या एच.२६४ला जवळपास दुप्पट. म्हणजे २ एमबीपीएसने एका कॅमेऱ्याला दिवसाला २१.६ जीबी. आठ कॅमेऱ्यांना १७२.८. एक टीबी म्हणजे हजार जीबी, भागाकार ५.८ दिवस. तीस दिवस ठेवायचं तर ५.२ टीबी लागते, म्हणजे बाजारात मिळणारी ६ टीबीची डिस्क. त्या केंद्राच्या माहितीपत्रकात मात्र ‘३० दिवसांचे रेकॉर्डिंग’ असं छापलं होतं. डिस्क १ टीबी आणि दावा ३० दिवस, हे ऐकलं की तिथेच थांबून विचारायचं: कॅमेरे किती, बिटरेट किती? तोंडी उत्तर घेऊ नका, सेटिंगचा पडदा दाखवायला सांगा. (बिटरेट ओरबाडून कमी केला तर तीस दिवस बसवताही येतात, पण मग रात्रीच्या चित्रात आया कोण आणि उशी कोण हे कळत नाही.)

ती डिस्कही नवी नव्हती. बिल जेमतेम वर्षापूर्वीचं, त्यावर ‘नवीन’ लिहिलेलं. डीव्हीआरच्या मेनूत डिस्कचं ‘स्मार्ट’ हे पान असतं, त्यात ‘पॉवर-ऑन अवर्स’ हा आकडा बघायचा. वर्षाचे तास ८,७६०. या डिस्कचे भरले ३१,०००च्या वर, म्हणजे साडेतीन वर्षं; त्यातलं इथलं एक वर्ष वजा केलं तरी अडीच वर्षं ती आधी दुसरीकडे कुठेतरी राबलेली होती. यात केंद्रचालकालाही बसवणाऱ्याने गंडवलंय, हे मान्य. पण ज्याने महिन्याला १,२०० रुपये घेतले, त्याने वर्षात एकदाही प्लेबॅक, म्हणजे साठलेलं रेकॉर्डिंग, उघडून बघितलं नाही. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

आता मोशन रेकॉर्डिंग. इथे हुशार माणसंही फसतात. जागा वाचवायची म्हणून ‘हालचाल झाली तरच रेकॉर्ड’ असं सेटिंग ठेवतात. दुकानाला ते चालतं, कारण तिथे चोर आला का हे बघायचं असतं. देखभाल केंद्रात उलटं आहे. तिथे बघायचं असतं ते कोण आलं नाही. रात्री ११ ते पहाटे ५ कुणीही खोलीत फिरकलं नाही, तर मोशनवाल्या डीव्हीआरमध्ये त्या वेळेची फाइलच तयार होत नाही. मागितल्यावर केंद्र म्हणतं, ‘तेवढा वेळ कॅमेरा बंद असेल’ किंवा ‘आम्ही गेलो होतो, कॅमेऱ्याने पकडलं नाही.’ हेळसांड आणि बिघाड दोन्ही रेकॉर्डिंगच्या वेळ-पट्टीवर सारखेच दिसतात: रिकामी जागा. सलग रेकॉर्डिंग असेल तर सहा तास न हललेला माणूस सहा तास दिसतो. आणि मोशनने जागा वाचतेच असंही नाही. छताचा पंखा किंवा हलणारा पडदा चौकटीत आला की दिवसभर ‘हालचाल’ नोंदली जाते. मग कंटाळून संवेदनशीलता इतकी खाली आणतात की आया येऊन गेली तरी नोंद होत नाही. खाटांवर रोखलेले कॅमेरे सलग, आणि जागा वाचवायचीच असेल तर जिना आणि गेटचे मोशनवर, अशी वाटणी करून घ्या.

सलग रेकॉर्डिंग बघायला वेळ कुणाला आहे, असं वाटेल. १६ पट वेगाने आठ तासांची रात्र तीस मिनिटांत संपते. दोन तासांनी कूस बदलली का हे बघायला तेवढं पुरतं.

‘रात्रीच नेमका कॅमेरा जातो’ ही तक्रार ठाणे-नवी मुंबईत वारंवार येते आणि तिच्यात भुताटकी काही नसते. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त करंट ओढतो. चार कॅमेऱ्यांना ५ अँपिअर, आठांना १० अँपिअरचा पॉवर सप्लाय हा इथला रिवाज. आठ कॅमेरे ५ अँपिअरच्या सप्लायवर लटकवले की दिवसा चालतात आणि रात्री लुकलुकतात. दुसरं कारण वायर. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर स्वस्त पडते, पण तिचा रोध साधारण दीडपट. तळमजल्यावरच्या पॉवर सप्लायपासून तिसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत १२ व्होल्टचे ९-१० उरतात. ब्लेडने तार खरवडा, आतून चंदेरी निघाली तर ॲल्युमिनिअम. खाडीकाठची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी बीएनसी जोड (कॅमेऱ्याच्या वायरचा धातूचा जोड) गंजतो तो वेगळाच. उघड्या गच्चीवरच्या जोडाला जंक्शन बॉक्स नसेल तर पुढचा पावसाळा तो बघत नाही. इन्फ्रारेड लागतो का हे तपासायला खोलीत अंधार करून फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा: दिवे जांभळट-पांढरे चमकतात. काहीच दिसलं नाही आणि पुढे एक लाल दिवा मात्र मिचमिचतोय, तर तो बहुधा शोभेचा नकली कॅमेरा आहे. खऱ्याला मिचमिचायची गरज नसते.

चित्राच्या दर्जाबद्दल थोडक्यात. फोनवर दिसतो तो सबस्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाचं हलकं चित्र, त्यावरून रेकॉर्डिंग कसं आहे ते ठरवू नका. आणि डीव्हीआरवर ‘१०८०एन’ किंवा ‘१०८०पी लाइट’ लिहिलं असेल तर कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा असूनही साठतं ते ९६० बाय १०८०, म्हणजे आडव्या दिशेने अर्धंच. बिल मात्र ‘फुल एचडी’चं येतं.

याच केंद्रात आणखी एक गोष्ट सापडली, ती जखमेइतकीच गंभीर. मुलाच्या फोनवर जे ॲप होतं, त्यात केंद्राचंच मुख्य ‘ॲडमिन’ खातं घातलेलं होतं. म्हणजे आपले वडीलच नाही, आठही कॅमेरे. शेजारच्या खोलीतल्या आजींचं डायपर बदलणं, अंग पुसणं, सगळं. आणि हाच पासवर्ड इतर नातेवाइकांकडे, सोडून गेलेल्या दोन कर्मचाऱ्यांकडे आणि बसवणाऱ्याकडे. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणी खोलीचं फुटेज यूट्यूब-टेलिग्रामवरून विकलं जात असल्याचं २०२५च्या फेब्रुवारीत उघड झालं, आणि त्या प्रकरणात लातूर-सांगलीकडच्या तरुणांनाही अटक झाली होती. असं फुटेज बाहेर पडायला कुणी निष्णात हॅकर लागत नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेला असला की पुरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली एखाद्याच्या खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जवळपास प्रत्येक डीव्हीआरमध्ये वेगळा वापरकर्ता तयार करून त्याला एकाच कॅमेऱ्याची परवानगी देता येते. पाच मिनिटांचं काम आहे. केंद्र ते करत नसेल तर तुमच्या आईलाही कुणीतरी अनोळखी माणूस बघतोय असं समजा.

न्हाणीघर आणि संडासात कॅमेरा नाहीच. खोलीतल्या कॅमेऱ्यात कमोड-खुर्चीची जागा ‘प्रायव्हसी मास्क’ने काळी करता येते, आणि अंग पुसताना खाटेभोवती पडदा ओढायचा. पडदा ओढल्याची नि उघडल्याची वेळ रेकॉर्ड होतेच, देखभालीचा पुरावा म्हणून ती पुरेशी आहे. माइक बंद ठेवा. दोन खाटांच्या खोलीत दुसऱ्या खाटेवरच्या माणसाची लेखी संमती हवी, आणि ज्यांना समज आहे अशा आजी-आजोबांना स्वतःला विचारायचं, त्यांच्या मुलाला नाही. ‘कॅमेरा नको’ म्हणणाऱ्या आजोबांचं म्हणणं मोडून काढायचा अधिकार पैसे भरणाऱ्याला आपोआप मिळत नाही.

केंद्र बघायला जाल तेव्हा ऑफिसातला मोठा टीव्ही आणि त्यावरचे चौकोन दाखवतील. ते बघून झालं की एवढंच म्हणा, ‘वीस दिवसांपूर्वीची रात्री अडीचची वेळ, तिसऱ्या नंबरच्या कॅमेऱ्यावर, आत्ता लावून दाखवा.’ दोन मिनिटांत लागली तर व्यवस्था चालू आहे. ‘इंजिनिअरला बोलवावं लागेल’ म्हणाले तर सीसीटीव्हीचे पैसे देऊ नका. मग डीव्हीआर आणि राउटर दोन्ही यूपीएसवर आहेत का ते बघा. महावितरणची वीज गेल्यावर नुसता राउटर बंद पडला तर लाइव्ह जातं, पण डीव्हीआर बंद पडला तर पुरावाच जातो. नवा कॅमेरा असेल तर खोक्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघा. एप्रिल २०२५पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीची अट आहे.

करारनाम्यात लिहून घ्यायचं: कॅमेरे किती आणि कुठे, सलग रेकॉर्डिंग किती दिवस, मागितल्यापासून किती तासांत प्रत मिळेल, कॅमेरा दोन दिवसांहून जास्त बंद राहिला तर त्या महिन्याची रक्कम वजा. आणि बिलात सीसीटीव्हीची ओळ वेगळी राहू द्या. रोखीने, बिलाशिवाय द्यायला सांगितलं तर नकार द्या. ऐरोलीच्या कुटुंबाकडे पुरावा म्हणून पुढे तीच अकरा बिलं उरली.

काही घडलंच तर पहिला दिवस महत्त्वाचा. ओव्हरराइट चालू असलेली डिस्क रोज एक जुना दिवस गिळते, म्हणून त्याच दिवशी ईमेल किंवा लेखी पत्राने तारीख, वेळ, कॅमेरा क्रमांक देऊन फुटेज राखून ठेवायला सांगा, पोच घ्या. इजा किंवा मारहाण असेल तर थेट पोलीस ठाणे. डीव्हीआर पंचनाम्याने जप्त होणं सगळ्यात चांगलं. फोनने पडद्याचं चित्रण करून ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४)प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलमधून काढलेला तिचा ओळख-क्रमांक; फाइल जराही बदलली की तो बदलतो) नोंदवावं लागतं. पेन ड्राइव्हवर प्रत घेताना मूळ फाइल घ्या, व्हॉट्सॲपवरून आलेली नको. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबतं आणि हॅश बदलतो.

पैशाच्या फसवणुकीसाठी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, सेवेची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. २०१९च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेही दाखल करता येते. हे नवी मुंबईकरांच्या कामाचं, कारण ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर-पनवेल रायगडमध्ये. केंद्र पनवेलला आणि तुम्ही ऐरोलीला, तर अलिबागच्या खेपा घालायची गरज नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ज्येष्ठांच्या छळाबाबत १४५६७ ही एल्डरलाइन.

आणि प्रत घ्यायच्या आधी, डीव्हीआरच्या पडद्यावरच्या घड्याळाशेजारी चालू वेळ दाखवणारा फोन धरून एक फोटो काढा. आतला छोटा सेल संपलेला असला की वीज गेल्यावर तारीख कुठल्या कुठे जाते, आणि इंटरनेटवरून वेळ जुळवायचं सेटिंग बंद असेल तर घड्याळ महिन्यागणिक मागे-पुढे सरकतं. घोडबंदरच्या त्या डीव्हीआरचं घड्याळ सतरा मिनिटं मागे होतं. फरकाचा फोटो नसेल तर आयाच्या हजेरीपटावरची वेळ आणि पडद्यावरची वेळ जुळत नाही, आणि समोरचा वकील पहिला प्रश्न तिथेच विचारतो.