ऑपरेशन झकास, पण नंतरच्या आहार सल्ल्यात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही

माझं वजन कमी करण्याचं (बॅरिॲट्रिक) ऑपरेशन झालं, पण आधीच सांगते, हा रिव्ह्यू सर्जनचा किंवा ऑपरेशनचा नाहीये. ते उत्तम झालं, दुखणं आटोक्यात, घरी वेळेत सोडलं, त्याला डोळे झाकून पाच स्टार. हा रिव्ह्यू आहे त्याच्यासोबत वर्षभरासाठी जे 'आहार मार्गदर्शन पॅकेज' गळ्यात मारतात त्याचा, ज्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. त्यात काय येतं तर एक छापील पुस्तिका, डायटिशियनच्या भेटी, मोबाईलवरचं ॲप ज्यात एक 'कोच' आपल्याशी चॅट करतो, आणि शंका विचारायला कोऑर्डिनेटरचा नंबर. वाचायला भारी वाटतं. प्रत्यक्षात हे सगळे आपापलं सांगतात, एकमेकांशी बोललेले नसतात, आणि मधल्यामध्ये निरोप्याचं काम पेशंटने करायचं.

माझी स्लीव्ह झालीये, म्हणजे जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी शिल्लक ठेवतात, आतडी जिथल्या तिथे राहतात. माझ्या शेजारच्या बेडवरच्या ताईंची बायपास, म्हणजे वर एक अगदी छोटा कप्पा बनवून तो थेट खालच्या आतड्याला जोडतात आणि मधला आतड्याचा भाग वगळला जातो, तोच भाग जिथे लोह आणि कॅल्शियम सगळ्यात जास्त शोषलं जातं. दोन पूर्ण वेगळी ऑपरेशन्स. घरी जाताना दोघींच्या हातात पुस्तिका मात्र एकच.

त्या पुस्तिकेबद्दल बोलायलाच हवं. सुरुवातीला लिहिलंय की चार आठवडे फक्त पातळ आणि मिक्सरमधून काढलेलं. पुढे एक तक्ता आहे, त्याचा फॉन्टच वेगळा, सरळ दिसतं की जुन्या पुस्तिकेतून उचलून चिकटवलाय, त्यात तिसऱ्या आठवड्यापासून मऊ जेवण. आणि एका ठिकाणी छापलेला आकडा बॉलपेनने खोडून वर दुसरा लिहिलाय, सही नाही, तारीख नाही. मी कोऑर्डिनेटरला विचारलं यातलं कुठलं खरं, तर म्हणाले 'मॅडम, तुम्हाला जे सोसेल ते'. अहो सोसेल ते कळायला आधी खाऊन बघावं लागतं ना, आणि आत ताजी टाक्यांची ओळ आहे!

खरं सांगायचं तर टप्प्यांचे आठवडे वेगवेगळ्या ठिकाणी थोडे वेगळे असतातच, आधी नुसतं पातळ, मग घट्टसर, मग मऊ, मग साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं, हा क्रम सगळीकडे सारखा पण आठवडे प्रत्येक सर्जनचे आपले. ते मला मान्य आहे. पण एकाच हॉस्पिटलच्या एकाच पुस्तिकेत तरी एक काहीतरी ठरवा.

आता पाण्याचा घोळ. पुस्तिका म्हणते जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी बंद. ॲप म्हणतं आधी पंधरा मिनिटं पुरे, वर दिवसभर 'पाणी प्यायलात का?' अशी घंटी वाजवतं, जेवत असताना सुद्धा. सर्जन राउंडला म्हणाले होते की एखादा घोट घेतलात तर आभाळ कोसळत नाही, दिवसाचा एकूण आकडा सांभाळा. मी एकदा वही घेऊन गणित मांडलं. दिवसात सहा छोटी जेवणं सांगितलीत, प्रत्येक जेवण पंचवीस मिनिटं चावून चावून, त्याच्या आधी तीस आणि नंतर तीस मिनिटं कोरडी, झाली पंच्याऐंशी. गुणिले सहा म्हणजे साडेआठ तास पाणी बंद. जागेपणाचे सोळा तास धरले तर उरले साडेसात, आणि त्यात किमान दीड लिटर घोट घोट करून संपवायचं, म्हणजे तासाला २०० मिली, तेही एका वेळी एक घोट. पुस्तिका लिहिणाऱ्याने हे एक दिवस तरी स्वतः करून बघावं अशी माझी नम्र विनंती आहे.

हा तिढा सोडवला तो डायटिशियनने, आणि म्हणून या रिव्ह्यूत जे काही स्टार उरलेत ते तिचे. ती म्हणाली जेवणानंतरचा अर्धा तास पाळा, कारण तेव्हा नळी भरलेली असते, वरून पाणी ओतलं की छातीत दाटतं किंवा उलटी होते. आधीचा नियम एवढा कडक नको, रिकाम्या पोटातून पाणी पटकन पुढे सरकतं, पाच-दहा मिनिटं आधी थांबलात तरी चालेल. बस, दोन वाक्यं. कारण कळलं की नियम डोक्यात बसतो, नाहीतर माणूस घड्याळाकडे बघून घाबरत बसतो.

प्रोटीनचं तर विचारूच नका. पुस्तिकेत दिवसाला ६० ग्रॅम. ॲपच्या कोचने मला विचारलं वजन किती, मी सांगितलं ११५ किलो, त्याने किलोमागे दीड ग्रॅमने गुणून १७२ ग्रॅमचं टार्गेट लावून दिलं आणि वर दंड फुगवलेला इमोजी. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे साहेबांच्या हिशोबाने मी दिवसाला अठ्ठावीस-एकोणतीस अंडी खायची, तेव्हा मला धड एक अंडं संपत नव्हतं. रोज संध्याकाळी ॲपवर लाल पट्टी, 'आज तुमचं ध्येय अपूर्ण राहिलं'. आधीच माणूस हळवा झालेला असतो, त्यात हे.

गोम अशी आहे की तो किलोमागे दीड ग्रॅमचा हिशोब चुकीचा नाहीये, तो उंचीनुसार जे आदर्श वजन येतं त्यावर करायचा असतो, आजच्या वजनावर नाही. माझं आदर्श वजन ५८ धरलं तर वरची मर्यादा येते ८७ ग्रॅम, आणि खालची ६०. म्हणजे दोघं खरं तर एकाच नियमाची दोन टोकं सांगत होते, फक्त कोचने गुणायचा आकडा भलताच घेतला. हे डायटिशियनने ॲपवाल्यांना ईमेल करून कळवलं, तरी पट्टी पुढे बरेच दिवस लालच.

जाता जाता प्रोटीन पावडरबद्दल. डिस्चार्ज काउंटरच्या बाजूला कोलॅजनचे डबे मांडून ठेवलेत, 'केस, त्वचा, प्रोटीन, सगळं एकात'. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे तुमच्या ६० ग्रॅमच्या हिशोबात ते धरू नका, हौस म्हणून घ्यायचं तर घ्या. व्हे (दुधापासून काढलेलं प्रोटीन) घेणार असाल आणि दुधाने पोट बिघडत असेल तर आयसोलेट बघा, त्यात लॅक्टोज अगदी कमी असतं.

स्ट्रॉ, कॉफी, सोडा यांवर चौघांची चार मतं ऐकली. स्ट्रॉने हवा पोटात जाते म्हणून नको म्हणतात, कुणाला त्रास होतो कुणाला नाही. कॉफी काही जण महिनाभर बंद ठेवतात, काही लगेच थोडी देतात. सोड्याने फुगतं, मी बंदच केलाय. यात कुणाचंही ऐकलं तरी फार बिघडत नाही, त्यामुळे यावर मी स्टार कापलेले नाहीत.

कापलेत ते गोळ्यांवरून. इथे मतं वेगळी असून चालतच नाही, आणि नेमकी इथेच सगळ्यात जास्त गडबड. पुस्तिकेत दुपारच्या रकान्यात कॅल्शियम आणि लोह एकाच ओळीत, 'जेवणानंतर सोबत घ्यावे'. अरे, कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं, दोघांमध्ये किमान दोन तासांचं अंतर लागतं! शिवाय कॅल्शियम कार्बोनेट लिहिलंय, ज्याला विरघळायला जठरातलं ॲसिड लागतं, आणि या ऑपरेशननंतर ॲसिडच कमी झालेलं असतं, वर आपण सुरुवातीला ॲसिड कमी करायची गोळी पण घेत असतो. त्यापेक्षा कॅल्शियम सायट्रेट बरं. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५००-६०० च्या वर नाही, म्हणजे दोन-तीनदा विभागून. डायटिशियनने माझ्या पुस्तिकेतला तो रकाना सरळ काट मारून मागच्या पानावर नवा लिहून दिला, सकाळी लोह, मग कॅल्शियम दुपारी आणि रात्री. हे एका पेशंटच्या पुस्तिकेत झालं, बाकीच्या गठ्ठ्याचं काय?

ॲपचा कोच त्याहून पुढचा. सहा महिन्यांचा रिपोर्ट चांगला आला तर म्हणाला 'अभिनंदन, आता मल्टिव्हिटॅमिन थांबवू शकता'. नाही थांबवायचं! हे आयुष्यभराचं आहे. बी१२ शोषायला जठरात तयार होणारा एक घटक लागतो, तो जठरासोबत कमी होतो, आणि यकृतात बी१२ चा साठा इतका असतो की कमतरता दिसायला कधी कधी वर्षं जातात, म्हणून सहा महिन्यांच्या चांगल्या रिपोर्टला भुलायचं नाही. तोंडाने घ्यायची तर रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम असा डोस असतो, नाहीतर इंजेक्शन, तुमचे डॉक्टर ठरवतील. आणि हो, त्या गोड गमी व्हिटॅमिन्स दिसायला छान, पण बहुतेकांत लोह नसतंच, मागचं लेबल वाचा.

केस गळतात म्हणून मला बायोटिनची बाटली पण सुचवली होती. तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळायला लागतात, पटकन वजन उतरण्याचा आणि ऑपरेशनचा तो धक्का असतो, बहुतेकांचे परत येतात, प्रोटीन, लोह आणि झिंक नीट आहे ना एवढं बघायचं. जास्त डोसचं बायोटिन घेत असाल तर रक्त तपासणीच्या आधी डॉक्टरांना सांगा, थायरॉइडचे आणि ट्रोपोनिनचे (हृदयाला इजा झालीये का ते दाखवणारी तपासणी) रिपोर्ट त्याने चुकीचे येऊ शकतात, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये तसा इशाराच दिला होता. बाटली विकणाऱ्याने यातलं अक्षर काढलं नाही.

आता ज्याचा मला खरा राग आला ते. बायपासवाल्या ताईंना चौथ्या आठवड्यात काही खाल्लं की उलटी, दिवसामागून दिवस. ॲपमधलं उत्तर ठरलेलं: 'हळू खा, नीट चावा, हे नॉर्मल आहे'. कोऑर्डिनेटर म्हणाले पुढच्या भेटीत सांगा. एखाद वेळेस घाईत खाऊन उलटी होणं वेगळं आणि सतत होणं वेगळं. शरीरात थायमिनचा म्हणजे बी१ चा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, उलट्या चालू राहिल्या की तो संपतो, आणि मग नजर दुहेरी होणं, तोल जाणं, गोंधळायला होणं इथपर्यंत जातं, मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा पेशंटला ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी थायमिन द्यायचं असतं. पुस्तिकेत यावर एक ओळ नाही, सॅलडच्या फोटोला मात्र अख्खं पान. ताईंच्या मुलीने न ऐकता त्यांना थेट इमर्जन्सीत नेलं म्हणून निभावलं, जोडाच्या जागी आत अरुंद झालं होतं, दुर्बिणीने ते रुंद केल्यावर खाणं सुरू झालं.

ॲपमध्ये 'पाच दिवसांत पोट रिसेट' नावाचा एक वेगळा पेड प्लॅन पण येतो. पाच दिवस पातळ खाऊन वजन उतरतं, जठर काही आक्रसून परत ऑपरेशननंतर होतं तेवढं लहान होत नाही. घेऊ नका.

डायटिशियनबद्दल दोन ओळी जास्त लिहिते, कारण तिच्यामुळे हे सहन झालं. बसल्या बसल्या तिचे पहिले प्रश्न: कुठलं ऑपरेशन, कितवा आठवडा, कुठल्या गोळ्या चालू, आज काय काय पोटात राहिलं. 'काय खाल्लं' नाही, 'काय राहिलं'. मग प्रत्येक सल्ल्यापुढे ती लिहायची, हे करायलाच हवं, हे जमलं तर, हे तुमच्या मर्जीवर. ताईंना फळांचा रस प्यायल्यावर दोनेक तासांनी हातपाय थरथरायचे, घाम सुटायचा, बाकीचे म्हणत होते अशक्तपणा असेल, हिने ऐकल्याबरोबर सांगितलं की हे उशिराचं डंपिंग दिसतंय, साखर एकदम वर जाऊन मग खाली कोसळते, बायपासमध्ये जास्त होतं, रस बंद करा, ग्लुकोज तपासा आणि सर्जनना दाखवून घ्या. मला ॲपवर तोच डंपिंगचा इशारा रोज यायचा आणि ताईंना एकदाही नाही, यावरून काय ते समजा. वाईट एवढंच की ती आठवड्यातून मोजकेच तास बसते आणि पॅकेजमध्ये तिच्या भेटी सगळ्यात कमी, चॅट मात्र अनलिमिटेड.

तर डायटिशियनला पाच, कोऑर्डिनेटरला दोन, पुस्तिकेला एक, ॲपला अर्धा देता येत नाही म्हणून एक. भेटी सुट्या मिळत असतील तर तेवढ्याच घ्या, अख्खं पॅकेज घेऊ नका. आणि पैसे भरायच्या आधी काउंटरवर विचारा, स्लीव्हची आणि बायपासची पुस्तिका वेगळी आहे का, दोन सल्ले जुळले नाहीत तर शेवटचा शब्द कुणाचा, आणि ॲपवाल्या कोचला आपल्या ऑपरेशनचा कागद दिसतो का. हा शेवटचा प्रश्न मी लेखी विचारला होता, 'चेक करून कळवतो' असं उत्तर आलं, अजून चेक चालू आहे.