मदतनिधी: मेसचं बिल की खात्यात रोख?
सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात गेलं आणि संभाजीनगर, लातूर, नांदेडात शिकणाऱ्या कित्येक पोरांचे घरून येणारे पैसे आटले. अशा वेळी कॉलेजने आपत्कालीन निधी मेसवाल्याला परस्पर द्यावा की विद्यार्थ्याच्या खात्यात टाकावा?

मेसचं बिल भरलं की दोन वेळचं जेवण पक्कं, हिशेबही सोपा. पण थकलेलं खोलीभाडं, एसटीचा पास, घरी पुरात भिजलेली पुस्तकं यांचं काय? निकड कशाची आहे, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून मी रोखीच्याच बाजूने. पैसे उधळतील ही भीती मला पटत नाही. पोरं आधी भाडंच चुकतं करतात. मात्र पंचनाम्याच्या कागदासाठी अर्ज अडवू नये. विभागप्रमुखांच्या सहीवर पहिला हप्ता द्यावा, कागदपत्रं नंतर घ्यावीत.