कठीण मॅथ्स की सोपं? काउन्सेलिंगचा रिव्ह्यू

शाळेच्या शेवटच्या वर्षाला मुलीने कुठलं मॅथ्स घ्यायचं यावर घरात नुसता गोंधळ चालला होता, म्हणून हे ऑनलाइन काउन्सेलिंग घेतलं आणि खरंच खूप उपयोग झाला. सरांनी आधी मार्क विचारलेच नाहीत, पुढे काय शिकायचंय ते विचारलं. इंजिनिअरिंग, फिजिक्स असेल तर कॅल्क्युलस लागणारच, सायकॉलॉजीला मात्र स्टॅटिस्टिक्स जास्त कामाला येतं. मग कॅल्क्युलसच्या सुरुवातीला येणाऱ्या लिमिटची बेसिक गणितं तिच्याकडून सोडवून घेतली तर ती अडली कुठे, अल्जेब्रात, अवयव पाडताना! हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. तिने कठीण, म्हणजे कॅल्क्युलसवालंच घेतलंय, आता अल्जेब्रा पक्का करतेय. सेशन फार छोटं आहे पण, प्रश्न आधीच लिहून ठेवा.