हृदयाच्या औषधांवर संशोधन करायचंय: रुग्णालय की कंपनी?

एमडी फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) झालं की दोन वाटा दिसतात. नीट-एसएस ही सुपर-स्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं डीएम क्लिनिकल फार्माकॉलॉजी (रुग्णांवरच्या औषधांच्या परिणामांचा अभ्यास) करायचं आणि मुंबईच्या केईएमसारख्या रुग्णालयात राहायचं, नाहीतर थेट औषध कंपनीत किंवा सीआरओत (कंपन्यांसाठी औषधांच्या चाचण्या चालवणाऱ्या संस्थेत) रुजू व्हायचं. पगारात कंपनी पुढे आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

कामाचं मात्र तसं नाही. रुग्णालयात डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची रक्तातली पातळी फार वाढली म्हणून वॉर्डातून फोन येतो. तेव्हा आधी विचारायचं, गोळी किती वाजता दिली आणि रक्त किती वाजता काढलं? डोसनंतर सहा तासांच्या आत काढलं असेल, तर औषध अजून रक्तातून ऊतींत पुरतं गेलेलंच नसतं. आकडा फुगतो, रुग्णाला विषबाधा असेलच असं नाही. हे वॉर्डात राहूनच अंगवळणी पडतं. शिवाय औषधाच्या चाचणीतल्या रुग्णाला काही गंभीर झालं, तर २४ तासांत कळवायचं आणि १४ दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा. चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडच्या खेपा असतातच. निधी तुटपुंजा, पण प्रश्न तुमचा स्वतःचा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं, ते आपल्याच रुग्णांवरच्या अनुभवातून.

कंपनीत प्रश्न बहुधा वरून ठरून येतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा जेनेरिकचा, म्हणजे मूळ औषधाच्या स्वस्त प्रतीचा असतो: निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तात आपली गोळी मूळ औषधाच्या तुलनेत ८० ते १२५ टक्क्यांच्या चौकटीत बसते का? शिकायला उत्तम, पण वर्षानुवर्षं तेच करणं कंटाळवाणं. नव्या रेणूवर, म्हणजे अगदी नव्या औषधावर काम मिळालं तर गोष्टच वेगळी. फायझरचं टॉर्सेट्रापिब 'चांगलं' कोलेस्टेरॉल वाढवत होतं, तरी सुमारे १५ हजार रुग्णांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले आणि डिसेंबर २००६मध्ये ती थांबवावी लागली. एवढा पसारा एकट्या रुग्णालयाच्या आवाक्यातला नाही.

डोक्यावर कर्ज असेल तर कंपनी निवडा, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. एरवी मी आधी डीएम सुचवेन. रुग्णालयातून कंपनीत जाता येतं, उलटा प्रवास अवघड, कारण अध्यापनाच्या अनुभवाची वर्षं मोजली जातात. कंपनीच्या मुलाखतीत एक जरूर विचारा: ईसीजी आणि क्यूटीच्या (औषधामुळे ईसीजीतलं क्यूटी हे अंतर धोकादायक वाढतं का, हे पाहण्याच्या) कामात मी असणार, की फक्त दुष्परिणामांचे अहवाल भरणार? उत्तर गोलमोल आलं, तर दुसरीकडे अर्ज टाका.